टर्निंग टूल्सना धार लावायला मशीन कुठलं घ्यावं? साधा ग्राईंडर की पाण्यावरचं?

नवा_कातारी (नाशिक)
नमस्कार मंडळी. छोटा लेथ घेतलाय, त्यावर लाटणी, भोवरे, वाट्या असं काहीबाही चालू असतं. लाकूड वखारीत मिळेल ते, बहुतेक साग आणि बाभळीचे तुकडे, कधीतरी आंबा. टूल्सचा सहाचा सेट आहे, डब्यावर एचएसएस (हाय स्पीड स्टील) लिहिलंय. रफिंग गाऊज (गाऊज म्हणजे पन्हळीसारखी खोलगट पटाशी), स्पिंडल गाऊज, बाऊल गाऊज, स्क्यू (तिरप्या धारेची पटाशी), पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करायचं) आणि गोल स्क्रेपर (खरवडायचं). घरात वडिलांचा 6 इंची बेंच ग्राईंडर पडून आहे, करड्या दगडांचा, वेल्डिंगच्या कामाला वापरायचे. त्यावर गाऊज धरला की बेव्हलला (धारेमागच्या उताराला) चार-पाच पैलू पडतात, टोक निळं होतं आणि बाभळीवर घेतला की लगेच बोथट. मित्र म्हणतो एकदाच काय ते टॉर्मेक (पाण्यावरचं मशीन) घेऊन टाक, दुकानदार म्हणतो 8 इंची घ्या, यूट्यूबवर जो तो सीबीएन सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राईडचं चाक) करतोय. लेथच्या निम्म्या किमतीवर जायचं नाही अशी घरून तंबी आहे :) आणि हो, आहे त्याच ग्राईंडरला पंख्याचा रेग्युलेटर लावून स्पीड कमी करता येईल का?

भुसा_आणि_ढलप्या (कोल्हापूर)
रेग्युलेटरचं आधी डोक्यातून काढ. ही इंडक्शन मोटर असते, तिचा वेग वीजेच्या 50 हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेज पाडलंस तर वेग नीट कमी होत नाही, नुसता जोर जातो आणि वाइंडिंग तापतं. दोन पोलची मोटर साधारण 2850 आरपीएमला फिरणार, चार पोलची 1440 च्या आसपास, संपला विषय.

आता 6 की 8 इंची. नुसता आरपीएम बघू नकोस, दगडाची कड किती वेगाने पळते ते बघ. तुझा 6 इंची 2850 ला मिनिटाला साधारण 1350 मीटर पळतो, 8 इंची 1440 वाला 900 च्या आसपास, आणि 8 इंची 2850 वाला थेट 1800 च्या वर. म्हणजे दुकानदाराने फुल स्पीडचा 8 इंची गळ्यात मारला तर आहे त्यापेक्षा जास्त चटके बसतील. बहुतेक दुकानांत 2850 वालेच मांडलेले असतात, त्यामुळे नेमप्लेट स्वतः वाच आणि 1440 वाला मागवून घे. मोठ्या दगडाचा दुसरा फायदा म्हणजे बेव्हल कमी खोलगट होतो आणि दगड झिजत गेला तरी जिगचा (हत्यार ठरलेल्या कोनात धरून ठेवणाऱ्या साच्याचा) अँगल पटकन बदलत नाही.

पण तुझे पैलू मशीनमुळे पडत नाहीयेत. हात मोकळा आहे म्हणून पडतायत. गाऊज दर वेळी त्याच कोनात दगडाला टेकला पाहिजे, त्यासाठी खाली व्ही आकाराचा सरकता दांडा आणि गाऊज पकडायचा क्लँप असलेली जिग लागते. वुल्व्हरिन जिग बघ, कॅनडाची आहे, तिच्यासारखी चौकोनी पाईपमधून वेल्डरकडून करून घेतलेली पण झकास चालते. स्क्यू, स्क्रेपर, पार्टिंगला फक्त रुंद, कोन बदलता येणारा प्लॅटफॉर्म पुरे. माझा क्रम असा: आधी जिग, मग दगड, मोटर सगळ्यात शेवटी.

दगड म्हणजे पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड, 80 ग्रिट (दाण्याचा बारीकपणा), के ग्रेड (दगडाचा कडकपणा). करडा दगड कडक असतो, एचएसएसवर तो गुळगुळीत होतो आणि कापायच्या ऐवजी नुसता घासून तापवतो. सोबत दगडाचा वरचा थर खरवडून ताजा करायला डायमंड ड्रेसर घेच, दगड काळपट चकचकीत दिसला की फिरवायचा.

तिसरा_मजला (पुणे)
वरच्यांशी बऱ्यापैकी सहमत, पण पाण्यावरच्या मशीनची बाजू पण ऐका. मी फ्लॅटमध्ये बाल्कनीत काम करतो, ठिणग्या आणि ग्राईंडरची घरघर सोसायटीत चालण्यातली नाही. टॉर्मेक टी-8 चा दगड 250 मिमीचा आणि वेग फक्त 90 आरपीएम, टूल तापायचा प्रश्नच नाही, शेजारी झोपलेले असले तरी चालतं. चामड्याच्या चाकावर बर (धारेवर राहिलेली बारीक कड) काढली की स्पिंडल गाऊजने सागावर असा फिनिश येतो की पॉलिश पेपर थेट 240 पासून सुरू करतो.

तोटे पण सांगतो. एकदा आकार बसवला की पुढची धार मिनिटभरात होते, पण फॅक्टरीचा बेव्हल मोडून नवा आकार द्यायचा तर चहा होऊन पेपर वाचून होतो तरी काम चालूच. गाऊजने दगडाला खोबण पडते, तो सारखा सपाट करावा लागतो. काम झालं की पाणी काढून ठेवायचं. आणि किंमत, त्याबद्दल न बोललेलंच बरं, तुझ्या बजेटमध्ये बसणार नाही. घरातल्या विळ्या-सुऱ्यांना धार लावून देतो म्हणून आमच्याकडे खपून गेलं.

साहेबाचा_देश (लेस्टर)
इकडे आमच्या क्लबात बरेच जण सॉर्बी कंपनीचं प्रोएज वापरतात, बेल्टवालं. अँगलची खोबण ठरलेली, टूल टेकवायचं की झालं, बेव्हल सपाट येतो, ग्रिट बदलायचा तर बेल्ट बदला. पण भारतात मागवायचं तर बेल्टचा कायमचा खर्च आणि कस्टम दोन्ही धरून चाल.

पांगारा (सावंतवाडी)
एक विचारू का, तुझी टूल्स खरंच एचएसएस आहेत ना? कारण स्वस्त सेटमध्ये डब्यावर एक आणि आत भलतंच असू शकतं. करड्या दगडाला हलकं टेकवून ठिणग्या बघ. साधं कार्बन स्टील असेल तर पिवळसर पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या निघतात. एचएसएसच्या कमी, आखूड आणि लालसर, फुटत नाहीत. हे महत्त्वाचं का, तर एचएसएसचं टेंपरिंगच (कडक केलेलं पोलाद परत तापवून चिवट करणं) साडेपाचशे अंशाच्या आसपास झालेलं असतं, टोक निळं झालं म्हणून ते मऊ पडत नाही. कार्बन स्टील मात्र निळं झालं की गेलं, तेवढा भाग घासून काढावा लागतो. लोहाराकडून घडवून घेतलेली हत्यारं आमच्याकडे आहेत, ती दगडाला टेकवली की लगेच पाण्यात, परत टेकवली परत पाण्यात. एचएसएस मात्र गरम असताना पाण्यात बुडवू नको, बारीक तडे जाऊ शकतात.

सीबीएनचं पण तेच. ते एचएसएससाठी उत्तम, झिजत नाही, ड्रेसर लागत नाही, व्यास तोच राहतो. मऊ लोखंड किंवा कार्बन स्टील घासलंस तर चाक भरतं. चाकच ग्राईंडरपेक्षा महाग पडतं, तेव्हा आत्ता घाई नको.

आणि साग बाभळीत धार लवकर जाते त्यात नवल नाही. सागात सिलिका असते, बाभूळ मुळात टणक. धार सारखी लावावीच लागते.

नवा_कातारी (नाशिक)
भारी माहिती, सगळ्यांचे आभार! काल रात्रीच ठिणग्या बघितल्या. तिन्ही गाऊज आणि पार्टिंग लालसर, पण स्क्यू आणि स्क्रेपरला चक्क दिवाळी. दुकानदाराला डबा नेऊन दाखवणार आहे. 8 इंची 1440 वाला ठरवला, पांढरा दगड, जिग गावातला वेल्डर करून देतोय. दगड वेगळा घ्यायचा तर काय बघायचं? आणि दर वेळी तोच कोन येतोय हे कळणार कसं?

भुसा_आणि_ढलप्या (कोल्हापूर)
ग्राईंडरच्या शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोज, दगडाचं भोक मोठं असेल तर बुश (मध्ये बसवायची कडी) लागेल, टेप गुंडाळून बसवू नकोस. दगडावर लिहिलेला आरपीएम मोटरपेक्षा जास्तच पाहिजे. बसवायच्या आधी भोकात बोट घालून लटकव आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मार, टण् आवाज आला तर ठीक, भद्द आला तर तडा आहे, परत कर. चालू केल्यावर पहिलं मिनिटभर बाजूला उभा राहा, गॉगल हवाच.

कोनासाठी बेव्हलवर काळ्या मार्करने रंगव, मोटर बंद ठेवून दगड हाताने फिरव. शाई टोकापासून टाचेपर्यंत (बेव्हलच्या मागच्या काठापर्यंत) सारखी निघाली तर बरोबर. फक्त टाचेची निघाली तर जिगचा दांडा थोडा बाहेर घे, फक्त टोकाची निघाली तर आत, दगडाकडे. गाऊज क्लँपच्या बाहेर किती काढायचा ते एकदा ठरव, मी 45 मिमी ठेवतो, आणि तेवढ्या अंतरावर बेंचला लाकडाची पट्टी ठोक. गाऊज तिला टेकवला, क्लँप आवळला, की रोज तेच. स्क्यू, स्क्रेपर बदलून मिळेपर्यंत ते दोन्ही हलक्या हाताने, पाण्याचा डबा शेजारी ठेवून.