फायर पिट बांधून घ्यायचाय, कंत्राटदार कसा पारखायचा?

परसदारी
मागच्या अंगणात बसायला गोल कट्टा आणि मधे कायमचा फायर पिट, म्हणजे शेकोटीचा बांधीव खड्डा, असं मनात आहे. दोन कंत्राटदार येऊन गेले. पहिला म्हणतो, लाल विटा, सिमेंटची जोडाई, आतून नदीतले गोटे, झकास दिसेल. पाया विचारला तर "काळजीच करू नका ताई". दुसरा लाकूड नकोच म्हणतो. सिलिंडरवरचा बर्नर बसवू, गॅसची लाइनही माझीच पोरं ओढतील. दोघांनाही निम्मे पैसे आधी हवेत. जागा लाकडी पेर्गोलाला (वरून उघड्या मांडवाला) लागून, घराच्या भिंतीपासून ७ फुटांवर. सासूबाईंना दमा आहे आणि त्यांची खिडकी त्याच बाजूला. कोणाला काम देऊ?

थापी_ओळंबा
दोघांनाही नको. वीटकामातच आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते गोटे. नदीतला दगड आत ओल धरून असतो. जाळाशी तापला की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, आणि दगड फुटून कपच्या उडतात. शोभेला बाहेरून लावा, जाळासमोर अजिबात नाही. साध्या काँक्रीटचेही पापुद्रे उडतात. ३०० अंशांपुढे सिमेंटचा जोर उतरायला लागतो आणि लाकडाचा विस्तव त्याच्या दुपटीवर सहज जातो. आतला थर फायर ब्रिकचा, म्हणजे भट्टीत वापरतात त्या उष्णता सोसणाऱ्या विटांचा घ्या. जोडाईचा मसाला उष्णता सोसणारा हवाच, पण पाण्याने न विरघळणारा. नुसती फायर क्ले (भट्टीची माती) उघड्यावर पावसात धुऊन जाते. बाहेरच्या थराला तुमच्या लाल विटा खुशाल वापरा. दोन थरांत बोटभर फट मात्र सोडायला लावा, नाहीतर आतला थर फुगून बाहेरची भिंत तडकवतो. तळाला खडी, म्हणजे पाणी जिरेल. तळ काँक्रीटने बंद केलात तर पावसाळ्यात हौदच झाला म्हणून समजा.

आता माणूस. कंत्राटदार तुम्हाला काय विचारतो, त्यावर माझी पारख असते. संध्याकाळी वारा कुठून येतो, वर फांद्या किंवा तारा आहेत का, जमिनीखालून नळ किंवा केबल गेलीय का, हे न विचारताच जो टेप काढतो त्याला दारातूनच परत पाठवा. ७ फूट ऐकून दोघंही गप्प बसले, मला तेवढं पुरे. घर, पेर्गोला, कुंपण, सगळ्यापासून किमान १० फूट लांब.

एक-दोन पावसाळे काढलेलं त्याचं काम प्रत्यक्ष पाहा, नव्याकोऱ्या कामाचे फोटो सगळेच दाखवतात. सांध्यावरून नख फिरवा, भुगा निघाला तर मसाला कच्चा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता पहिला जाळ करून बघितल्यावर. आणि तो पहिला जाळ लहानच ठेवा. ओल्या जोडाईवर होळी पेटवली की सांधे गेलेच.

फिटरभाऊ
गॅसपुरतं बोलतो. जोडणी परवाना असलेल्या फिटरनेच करायची, गवंड्याच्या पोरांनी नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, कट्ट्याच्या पोकळीत साचून राहतो. म्हणून तळाशी समोरासमोर झरोके ठेवा, आणि बंद करायची चावी जाळावरून हात न नेता फिरवता येईल अशा जागी. दाबाची चाचणी घेताना तुम्ही स्वतः समोर उभ्या राहा, काटा खाली यायला नको. मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला तर बिल थांबवा.

उंबरठा
सासूबाईंचं कोणीच बोललं नाही! दमा आहे तर लाकूड विसराच. धुरातले बारीक कण बंद खिडकीच्या फटींतूनही आत येतात. आणि पुढे कधी हौसेने व्हरांड्याला काचा लावल्यात तर तिथे काहीच पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

याच निमित्ताने घरातलंही उरका. झोपायच्या प्रत्येक खोलीत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये धुराचा अलार्म, महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचा, १० वर्षांनी अख्खा बदलायचा. कंत्राटदार अग्निशामक सिलिंडर फुकट देतो म्हणाला तर एबीसी पावडरचा (लाकूड, तेल, गॅस अशा आगींवर चालणारा) आहे का आणि काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते बघून घ्या.

परसदारी
दुसऱ्याला फोन केला. फिटरचा परवाना दाखवा म्हटलं तर "बघतो" म्हणाला. म्हणजे शोध पुन्हा सुरू. पेर्गोलाचा हट्ट सोडला, पलीकडच्या कोपऱ्यात सगळीकडून १२ फूट मिळतात. @थापी_ओळंबा, गॅसचाच केला तरी फायर ब्रिक लागेल का?

थापी_ओळंबा
बर्नरसोबत कंपनीचं माहितीपत्रक येतं. किती अंतरावर काय चालतं, झरोके केवढे, सगळं त्यात असतं. काम सुरू व्हायच्या आधी ते गवंड्याच्या हातात द्या, नंतर नको. ज्वाळेलगतचा थर मी तरी फायर ब्रिकचाच लावेन.