मदत हवी आहे: कॉम्बी बॉयलरचं प्रेशर रोज शून्यावर येतंय, दुरुस्त करावा की बदलावा? (यूके)

नमस्कार मंडळी,

आम्ही रेडिंगला राहतो. तीन बेडरूमचं सेमी (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर), एकच बाथरूम. किचनच्या कपाटात गॅसचा कॉम्बी बॉयलर आहे (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी एकाच यंत्रातून, वेगळी टाकी नाही), सर्व्हिस बुकात बसवल्याचं साल २०१२ लिहिलंय. दरवर्षी सर्व्हिस करून घेतो, आजवर काही कुरकुर नव्हती.

थंडी पडली, हीटिंग लावलं आणि नाटकं सुरू झाली. सकाळी बघावं तर प्रेशरचा काटा शून्याला टेकलेला आणि बॉयलर लॉकआउटमध्ये, म्हणजे आपोआप बंद. खालचा फिलिंग लूप (नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरायची जोडणी) उघडून १.२ बारपर्यंत पाणी भरलं की बिचारा चालू होतो, नळाला गरम पाणीही नीट येतं. पण हीटिंग चालू ठेवलं की काटा चढत चढत तीनपर्यंत जातो आणि रात्री बंद केलं की परत तळाला. रेडिएटरचे सगळे जोड कोरडा टिश्यू लावून तपासले, कुठे ओल नाही. छतावर डाग नाही. एकच गोष्ट दिसली: मागच्या भिंतीतून एक बारकी तांब्याची नळी बाहेर येते, हीटिंग चालू असताना तिच्याखालची फरशी ओली असते.

ज्या कंपनीचं बॉयलर-दुरुस्तीचं कव्हर घेतलंय (नाव लिहीत नाही) त्यांचा माणूस आला. पुढचं झाकण काढलं, टॉर्च मारला, "जुना झालाय, यात पार्ट घालण्यात अर्थ नाही" म्हणाला आणि गेला. तो रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत नव्या बॉयलरचं ३,४०० पाउंडांचं कोटेशन ईमेलमध्ये हजर. ऑफर म्हणे शुक्रवारपर्यंतच. शुक्रवारी बॉयलरांचा भाव का वाढतो, देव जाणे.

नवरा म्हणतो, एवढे पैसे घालायचेच असतील तर हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र) लावू. डिसेंबरात सासू-सासरे नाशिकहून येतायत, सासऱ्यांना गारठा अजिबात सोसत नाही. त्यामुळे तेव्हा घर खोदून ठेवणं परवडणार नाही. तेरा-चौदा वर्षांचा बॉयलर म्हणजे खरंच संपला का? की एखादाच भाग गेलाय? हे घरबसल्या कसं ओळखायचं?

लेस्टरकर:
ताई, तांब्याच्या नळीची ओळ वाचली आणि अर्धं निदान तिथेच झालं. पाणी तापलं की फुगतं. त्या वाढीव पाण्याला जागा मिळावी म्हणून बॉयलरमध्ये एक्स्पान्शन व्हेसल असतं. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधारण ०.७५ ते १ बार दाबाची हवा. ती हवा गेली की पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. दाब तीन बारला गेला की सेफ्टी व्हॉल्व उघडतो, अगदी कुकरसारखा, आणि पाणी त्या नळीतून बाहेर. रात्री पाणी गार होऊन आकसतं आणि काटा शून्यावर. तुमची लक्षणं तंतोतंत हीच आहेत.

खात्री करायची तर नळीच्या तोंडाला एक फ्रीजर बॅग सैलसर बांधून संध्याकाळभर हीटिंग चालवा. पाणी जमलं तर गळती कुठे आहे ते कळलं.

इंजिनिअर व्हेसलच्या व्हॉल्वची पिन दाबून बघेल. कारच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व असतो. नुसती हवा कमी असेल तर सिस्टिमचा दाब काढून पंपाने भरता येते. पिनमधून पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदलायचं. बॉयलरच्या पाठीमागे असेल आणि काढायला त्रास असेल तर पाइपावर वेगळं व्हेसल जोडून देतात. सेफ्टी व्हॉल्वही त्याच वेळी बदलून घ्या. तो वरचेवर उघडला की नंतर नीट बसत नाही, ठिबकत राहतो. माझ्याकडे हे सगळं अडीचशेच्या आत झालं.

तोवर रोज पाणी भरणं चांगलं नाही. ताज्या पाण्यातला ऑक्सिजन रेडिएटर आतून गंजवतो, वर तुमच्याकडचं पाणी जड, म्हणजे क्षारही साचतात. आणि कपाटातलं झाकण स्वतः उघडू नका. गॅस सेफवाल्याकडूनच (गॅसकामाची अधिकृत नोंदणी असलेल्याकडूनच) काम, आणि कार्डाची मागची बाजू बघा, कुठकुठलं काम करायची परवानगी आहे ते तिथे असतं.

थेम्सकाठ:
+१. बदलायची वेळ कधी? मुख्य हीट एक्स्चेंजरच (ज्या भागात ज्योत पाणी तापवते तो) आतून गळत असेल, किंवा पार्ट मिळेनासे झाले असतील तेव्हा. पहिल्याची चाचणी सोपी: रात्री बॉयलर बंद करून त्याच्या खालचे हीटिंगचे दोन्ही आयसोलेशन व्हॉल्व (बॉयलरला पाइपांपासून तोडणारे) बंद करा. सकाळी काटा तरीही पडलेला असेल तर गळती बॉयलरमध्येच. नसेल तर पाइपात किंवा रेडिएटरमध्ये शोधा.

पुढेमागे नवा घ्यायची वेळ आलीच तर ३५ किलोवॅटच्या मोहात पडू नका. तो मोठा आकडा नळाच्या गरम पाण्यासाठी असतो. ३० किलोवॅटवाला मिनिटाला साधारण १२ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो, एका बाथरूमला रग्गड. घर ऊबदार ठेवायला त्याच्या निम्मीही शक्ती लागत नाही, म्हणून तो किती कमीवर चालू शकतो ते विचारा. कोटेशनमध्ये सिस्टिमची सफाई, मॅग्नेटिक फिल्टर (गंजाचा गाळ पकडणारा), इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट आहे का तेही बघा. नसेल तर तो स्वस्त भाव स्वस्त नाही.

पुणे३०:
बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. पण आजी-आजोबांसाठी एक-दोन ऑइलचे हीटर आधीच आणून ठेवा. आणि कपाटाजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना?

ब्रिस्टलहून:
आमच्याकडे हीट पंप आहे, खूश आहोत. इंग्लंड-वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीममधून ७,५०० पाउंड मिळतात, अर्ज इन्स्टॉलरच करतो. व्हॅटही मार्च २०२७ पर्यंत शून्य. पण पाहुणे तोंडावर असताना याला हात घालू नका. खोलीनिहाय हीट लॉस (किती उष्णता बाहेर जाते) मोजावा लागतो, काही रेडिएटर मोठे करावे लागतात आणि गरम पाण्याच्या सिलिंडरला जागा हवी. कॉम्बीवाल्या घरात बहुधा तीच नसते.

आत्ता फुकटात करता येण्याजोगं: बॉयलर दुरुस्त झाला की हीटिंगचं फ्लो टेम्परेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) ५० अंशांवर आणा आणि ऐन थंडीत आठवडाभर चालवा. सगळ्या खोल्या तापल्या तर घर हीट पंपाला तयार आहे. एखादी गार राहिली तर कुठला रेडिएटर बदलायचा ते कळलं. गॅसही वाचेल, कारण रेडिएटरकडून परतीचं पाणी ५५ च्या खाली असलं तरच कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ गार करून तिची उष्णताही वापरणारा) नावाप्रमाणे काम करतो.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. पिशवी बांधली, झोपायच्या वेळेपर्यंत निम्मी भरली होती. शेजारणीने सुचवलेला स्थानिक इंजिनिअर येऊन गेला. पिन दाबताच त्याच्या बाहीवर काळं पाणी उडालं. व्हेसल मागच्या बाजूला निघालं, म्हणून बाहेरून वेगळं जोडलं, सेफ्टी व्हॉल्व नवा घातला. आता गार असताना १.३, तापल्यावर १.७, आणि काटा तिथेच राहतोय. अलार्म होता, पण मुदत संपलेला. नवा लावला.

नवऱ्याने ५० ची परीक्षा सुरू केलीये. मागची बेडरूम नापास होणार असं दिसतंय, तिथला रेडिएटर वरून गरम, खालून गार. @ब्रिस्टलहून, हा गाळ असेल का? आणि तुम्ही सिलिंडर कुठे बसवलात? आमच्याकडे जिन्याखालची एकच जागा आहे आणि तिथे सध्या सगळ्या सुटकेसा आहेत.