लिमिट होल्डेम : राजाची जोडी फेकायची काय?

प्रश्न : लिमिट होल्डेम, म्हणजे ठरलेल्या बेटचा पोकर. हातात राजाची जोडी. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं) बदाम एक्का, किलवर नव्वी, चौकट चव्वी. टर्नले (चौथं पान) इस्पिक सत्ती. पहिल्यानं बेट मारली (पैसे लावले), दुसऱ्यानं रेज (बेट वाढवली). पॉटात (मधात जमलेल्या पैशात) 9 मोठ्या बेट (टर्न-रिव्हरची ठरलेली रक्कम), मले 2 भरा लागते. फेकू काय?

उत्तर 1 : फेक भाऊ. समोर एक्क्याची जोडी असली तं तुले वाचवणारे राजे दोनच, न पाहिलेली पानं 46. म्हणजे 44 पानं हरवणारी, 2 जिंकवणारी : 22 ले 1. पॉट देते 2 वर 9, म्हणजे साडेचारले 1. वरून पहिला पुन्हा रेज मारू शकते, अन् रिव्हरची (पाचव्या, शेवटच्या पानाची) बेट वेगळीच.

उत्तर 2 : रेज नसती, समोर एकटाच असता, तं रिव्हरवर फेकाचं नाई. 9 च्या पॉटात 1 भरून दहातून एकदा जिंकलं तरी बराबर. पोळ्याच्या तीनपत्तीसारखं मोठ्या चालीनं भेव दाखवता येत नाई इथं. बेट ठरलेली, म्हणून शेवटचा कॉल (समोरच्याएवढे पैसे भरणं) सस्ता पडते.