जर्मनीतला संग्रहालयांचा आणि भटकंतीचा एक दिवस : तुमचे अनुभव लिहा

जर्मनीत राहणारे, कामासाठी जाऊन आलेले, मुलांकडे राहून आलेले बरेच जण आहात, तर प्रत्येकाने एकच दिवस लिहायचा. अख्खी ट्रिप नको. कुठल्या संग्रहालयात गेलात, बाहेर पडून कुठे भटकलात आणि काय डोक्यात राहिलं एवढंच. मी सुरुवात करते.

लायप्झिगला मुलीकडे होते तेव्हा सकाळच्या ट्रेनने आम्ही दोघी ड्रेस्डेनला गेलो. तिथल्या राजवाड्यात 'ग्रीन व्हॉल्ट' म्हणून राजाचा जडजवाहिरांचा खजिना आहे, मला दागिने बघायचे होते बास. वरच्या मजल्यावर फिरता फिरता मुलगी एकदम म्हणाली, आई हे बघ, औरंगजेब! काचेत जेमतेम दीड मीटर रुंदीचा अख्खा दरबार मांडलेला, सोनं, चांदी, मिनाकारी, जवळजवळ ५,००० हिरे, हत्ती, उंट, नजराणे घेऊन आलेले सरदार, शंभराच्या वर बोटाएवढ्या मूर्ती आणि मध्ये छत्राखाली बादशहा. त्याच्या वाढदिवसाचा दरबार आहे हा. डिंगलिंगर नावाच्या सोनाराने भावांना हाताशी घेऊन १७०१ ते १७०८ मध्ये घडवला आणि तिथला राजा ऑगस्टस याने विकत घेतला. डिंगलिंगर भारतात कधी आलाच नव्हता, प्रवाशांची वर्णनं वाचून केलं सगळं.

मी मूळची नगरची. ती सालं वाचली आणि तिथून हलवेना मला. अहो १७०१ ला तो दिल्लीत होता कुठे, तो पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता! मग सिंहगड, मग तोरणा, इकडे ताराबाई एकेक किल्ला परत घेतायत आणि म्हातारा छावणीतून छावणीत. १७०७ मध्ये गेला तो आमच्या भिंगारजवळ, लहानपणी सायकलवरून गेलोय आम्ही तिथे. आणि खुलताबादची कबर तर बघितलीच असेल तुम्ही, उघड्यावर, साधी. म्हणजे हा सोनार तिकडे दिल्लीचं सिंहासन घडवत होता आणि त्यावर बसणारा माणूस सह्याद्रीतल्या चिखलात होता, आणि दरबार पुरा व्हायच्या आत तो गेलासुद्धा. मुलीला हे सगळं सांगत अर्धा तास उभी होते मी, शेवटी तिथले गार्ड खुर्ची घेऊन आले.

नंतर नदीकाठाने फिरलो. फ्राउएनकिर्शे हे चर्च १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये पडलेलं, २००५ मध्ये परत उभं झालं, जुने दगड काळे आणि नवे पिवळसर, लांबूनही कळतात. पण खरं सांगते, माझं लक्ष दरबारातच होतं.

* * *

ताई, मस्त लिहिलंय. माझा दिवस बोखुमचा, तिथे खाणकामाचं मोठं म्युझियम आहे. माझे बाबा वेकोलित, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीत होते, चंद्रपूरला, अंडरग्राउंड. आई गेल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते, कुठे नेलं तरी गप्प. किल्ले दाखवले, ऱ्हाइन दाखवली, हो हो छान आहे एवढंच. मग म्हटलं चला इथे जाऊ. म्युझियमच्या खाली सुमारे २० मीटरवर खाणीसारखे बोगदे केलेत, खरी मशिनं आत ठेवलीत. आत शिरल्या शिरल्या बाबांनी आधी हात वर करून छत चाचपलं आणि म्हणाले, पाह्य ना, हा टेकू बरोबर लावलाय. त्यानंतर दोन तास तेच गाईड आणि मी ऐकणारा, कोळसा फुटायच्या आधी आवाज कसा येतो, पाणी कुठून झिरपतं, कोणत्या शिफ्टला कोण दबलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, ३० वर्षं एका घरात राहून. तिथे एक म्हातारे गृहस्थ ऐकत उभे होते, ते इथल्याच, रूर भागातल्या एका खाणीत कामाला होते, बाबांना इंग्रजी येत नाही आणि त्यांनाही फारसं नाही, पण मी सांगितल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले 'ग्ल्युक आउफ', खाणकामगारांचा नमस्कार आहे तो. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली हे मी बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग यांची पोरं काय करतात आता? वर टॉवरवर लिफ्टने जाता येतं, ७१ मीटर आहे, तिथून शहर बघत बसलो. घरी फोन लावला त्यांनी तिथूनच, काकाला.

* * *

म्युनिक. आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयाचं तिकीट तेव्हा रविवारी १ युरो असायचं, स्टुडंट असताना मी जवळपास दर रविवारी जायचे कारण रविवारी दुकानं बंद आणि रूमवर हीटिंग यथातथाच. ड्युरर या जर्मन चित्रकाराचं १५०० सालचं सेल्फ पोर्ट्रेट तिथे आहे, सरळ तुमच्याकडे बघतो तो. पण मला सगळ्यात आवडते ती इमारत. युद्धात मधला भाग पडला होता, तो परत बांधताना डोल्गास्ट या आर्किटेक्टने नक्षी न करता साध्या विटांनी भरून काढला, बाहेर हिरवळीवर बसलं की भिंतीवरची जखम सरळ दिसते. लपवली नाही हे फार आवडलं मला. जाणाऱ्यांना दोन गोष्टी : सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात आणि मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, लॉकरसाठी १-२ युरोची नाणी जवळ ठेवा.

* * *

बर्लिनला हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयाच्या बाहेर सांचीच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे, ती बघूनच भारी वाटलं. आत किझिलची भित्तिचित्रं आहेत, सिल्क रूटवरच्या बौद्ध गुहांची. शंभर वर्षांपूर्वी भिंतीवरून कापून आणलेली, करवतीच्या रेघा दिसतात. मी अजिंठ्याला दहाबारा वेळा तरी गेलोय, तिथल्या अंधारात डोळे सरावले की मग एकेक चेहरा वर येतो, इथे एकदम लाइटमध्ये सगळं समोर. तो निळा रंग मात्र ओळखीचा. आणलेल्यातली मोठी चित्रं इथल्या म्युझियमच्या भिंतीत बसवली होती, ती युद्धात भिंतीसकट नष्ट झाली हे वाचून वाईट वाटलं, जागेवरच राहू द्यायला हवी होती.

* * *

मी संग्रहालय नाही, फक्त भटकंती लिहिते. बर्लिनलाच, ९ नोव्हेंबरची संध्याकाळ (१९३८ मध्ये याच रात्री नाझींनी ज्यूंवर हल्ले केले होते), फुटपाथवर नाझींच्या बळींच्या आठवणीचे पितळी चौकोन असतात बघा १० सेंटीमीटरचे, 'इथे राहत होते' असं लिहून नाव, जन्मसाल आणि कुठे नेऊन मारलं ते. एका दारासमोर चार होते, एकच आडनाव, सगळ्यात लहान १९३८ चा. एक बाई गुडघ्यावर बसून पॉलिश लावून ते घासत होत्या, शेजारी मेणबत्ती. मी थांबले तर त्यांनी काही न बोलता दुसरं फडकं पुढे केलं. मी त्या लहानग्याचा घेतला.