फ्रंटियर कादंबऱ्या: सुरुवात कूपरपासूनच करायची का?

रानवाचक: मंडळी, जेम्स फेनिमोर कूपरचं 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' वाचायला घेतलंय पण गाडी पुढे सरकतच नाहीये. एकेक वाक्य संपता संपत नाही, जिवावर बेतलेलं असतानाही पात्रं भाषणं ठोकत बसतात. वेस्टर्नचं, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काउबॉय-कथांचं, मूळ हेच असं जो तो सांगतो, पण यात वेस्ट आहे कुठे? 1757 सालचं न्यूयॉर्ककडचं जंगल आणि इंग्रज-फ्रेंच लढाई! पूर्ण करू की सोडून पुढच्यांकडे वळू?

पिवळीपानं: अरे तेव्हा सरहद्दच (फ्रंटियर, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीची कड) तिथे होती, ती पश्चिमेला सरकत गेली नंतर. भाषेबद्दल तर बोलायलाच नको, मार्क ट्वेनने 1895 मध्ये एक लेख लिहून कूपरची सालटी काढलीयेत, शांतता हवी असली की याच्या पुस्तकात कुणाचा तरी पाय वाळक्या काटकीवर पडणारच वगैरे, तो आधी वाच, मजा येईल.

पण कूपरचा नायक, जंगलातला शिकारी नॅटी बम्पो, त्याला सोडू नकोस. 1823 ते 1841 मध्ये त्याच्यावर पाच कादंबऱ्या आल्या. पहिल्या 'द पायोनियर्स'मध्येच तो म्हातारा आहे, वस्ती वाढते, शिकारीवर कायदे येतात आणि शेवटी हा गडी पश्चिमेला निघून जातो. ज्याने वाट पाडली त्यालाच गावात जागा नाही, हीच ती मेख. पुढे 1949 च्या 'शेन'मध्येही तेच, शेतकऱ्यांसाठी बंदूक चालवायची आणि मग आपणच निघून जायचं. ओवेन विस्टरचा 'व्हर्जिनियन' (1902) मात्र हुशार, भर रस्त्यात द्वंद्व जिंकून शाळेतल्या बाईंशी लग्न करून मोकळा 😄

मृणाल_वाचते: सगळे बंदूकवालेच का पण? विला कॅथरचं 'ओ पायोनियर्स!' (1913) घे. नेब्रास्का, स्वीडिश कुटुंब, वडील गेल्यावर अलेक्झांड्रा जमीन सांभाळते आणि दुष्काळाला कंटाळून शेजारीपाजारी विकून चाललेले असताना ही कर्ज काढून आणखी जमीन घेते. गोळीबारापेक्षा मला त्या हिशोबाचीच जास्त धाकधूक वाटली. आणि वाचायला कूपरपेक्षा कितीतरी सोपं.

रानवाचक: हे भारी वाटतंय. अलीकडचं काही?

पिवळीपानं: 1985 साली दोन आली, दोन टोकांची. लॅरी मॅकमर्ट्रीचं 'लोनसम डव्ह', टेक्सासहून मोंटानाला गुरं नेणारे दोन म्हातारे माजी रेंजर (टेक्सासचे सशस्त्र शिपाई), याला पुलित्झर मिळालं. त्याला खरं तर काउबॉयची दंतकथा फोडायची होती पण लोकांनी तीच डोक्यावर घेतली. दुसरं कॉर्मॅक मॅकार्थीचं 'ब्लड मेरिडियन', मारलेल्या माणसांच्या डोक्याची कातडी विकून पैसे कमावणारी टोळी, पोट घट्ट असेल तरच हात लाव.

मृणाल_वाचते: आणि जेम्स वेल्चचं 'फूल्स क्रो' (1986) विसरू नका! लेखक स्वतः ब्लॅकफीट या मूळ अमेरिकन जमातीच्या वंशाचा, 1870 च्या आसपासचं मोंटाना त्याच लोकांच्या नजरेतून. कूपरने 'शेवटचा मोहिकन' म्हणून टाकलं खरं, पण मोहिकन लोक आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत, त्यांचं स्वतःचं ट्रायबल सरकार आहे. म्हणजे जे संपलेच नाहीत त्यांच्यावर दोनशे वर्षं जग हळहळतंय, हाही कूपरचाच प्रभाव म्हणायचा. त्यामुळे कूपर अर्धवट सोडलास तरी चालेल, वेल्च सोडू नकोस.