पानांच्या अर्कातून केलेले चांदीचे नॅनोकण: कॅन्सरवरची आशा की घाई? (टोपणनावांनी झालेली लेखी चर्चा)

तपकिरी द्रावण:
पानांच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातलं की फिकट पिवळं द्रावण बघता बघता तपकिरी होतं. कितीदा पाहिलं तरी मला तेवढाच आनंद होतो. अर्कातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतीतली नैसर्गिक रसायनं) चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, चांदीचे अतिसूक्ष्म कण म्हणजे नॅनोकण तयार होतात आणि वनस्पतीतल्याच रेणूंचं आवरण त्यांच्यावर बसतं. असे कण करायला एरवी वापरतात ते सोडियम बोरोहायड्राइडसारखं रसायन लागतच नाही. असे कण कॅन्सरच्या पेशीत शिरले की ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा मारा) वाढतो, पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया निकामी होतात, पेशी मरते. या कामाला भरघोस पैसा मिळायलाच हवा.

कोरा कप्पा:
पेशी मरते, मान्य. पण चांदीचे आयन निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. शिवाय मोजता कसं? जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मझान करतात. जांभळेपणावरून जिवंत पेशींचा अंदाज. अर्कातली पॉलिफेनॉल्स तर पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करू शकतात, आणि नॅनोकण स्वतःही प्रकाश शोषतात. पेशी न घालता नुसते कण टाकून रीडिंग घेतलं होतं का? नुसत्या अर्काचं? नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचं? हे तीन आकडे नसतील तर तो शोधनिबंध मी बाजूला ठेवते.

तपकिरी द्रावण:
हा दोष चाचणीचा झाला, कणांचा नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधातही धातूच आहे, प्लॅटिनम. ते मूत्रपिंडाला इजा करतं, तरी १९७८ पासून वापरात आहे.

पानगळ:
तुलना पटली नाही. सिस्प्लॅटिनचा रेणू ठरलेला आहे. इथे ऋतू बदलला की पानातली रसायनं बदलतात, मग कणांचा आकारही आणि आवरणही. तोच कण पुन्हा हातात आला याची खात्री कोण देणार?

कोरा कप्पा:
आणि तो पोहोचायलाही हवा. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा २०१६ सालचा मोठा आढावा सांगतो की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत जाणाऱ्यांचा मध्यक जेमतेम ०.७ टक्के. बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात. माझ्या आत्याने ‘वनस्पतीजन्य नॅनो’ असं लिहिलेल्या बाटलीसाठी केमोची दोन सत्रं चुकवली. म्हणून माझा सूर चढतो.

तपकिरी द्रावण:
आत्यांचं वाचून वाईट वाटलं. त्या बाटलीला माझाही विरोध आहे. माणसांसाठी यातलं काहीही अजून सिद्ध झालेलं नाही. पण ०.७ चा आकडा सगळ्याच नॅनोकणांचा आहे, रासायनिक पद्धतीने केलेल्यांचाही. त्यासाठी फक्त पानांच्या अर्काचंच काम का थांबवायचं?