ईव्हीचं संशोधन गाडी विकली गेली की का थांबतं?

(चर्चामंचावरचा संवाद. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायवाट

माझी आई डोळ्यांपेक्षा कानांच्या भरवशावर रस्ता ओलांडते. तिला समोरचं मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. गाडी किती लांब आहे, वेग धरते आहे की सोडते आहे, हे तिला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. दोन वर्षांपूर्वी विजेवरच्या एका दुचाकीचा तिला धक्का लागला, ती पडली आणि मनगट मोडलं. चालवणारा मुलगा अगदी रडवेला झाला होता. समोरच्या बाईंना आपली गाडी ऐकू येत नसेल हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोलिसांत कुणी गेलं नाही. म्हणजे हा अपघात कुठल्याही तक्त्यात नाही.

तेव्हापासून शहरातल्या लोकांच्या प्रवासाच्या सवयी आणि ईव्ही (विजेवरच्या गाड्या) या विषयावर मिळेल ते वाचते आहे. यातलं बरंचसं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरतं: लोक ईव्ही घेतील का? किंमत, रेंज (एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाते), चार्जिंगचा वेळ यांच्या वेगवेगळ्या जुळण्या माणसापुढे ठेवायच्या, 'यातली कुठली घ्याल?' असं विचारायचं आणि उत्तरांवरून लोकांच्या निवडीचं गणिती मॉडेल बसवायचं. पद्धतीबद्दल मला आदर आहे. निवडीच्या या गणितासाठीच डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली बार्ट रेल्वे सुरू होण्याआधी त्यांच्या चमूने तिच्या वाट्याला ६.३ टक्के प्रवासी येतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ६.२ टक्के आले.

पण गाडी दारात आल्यावर पुढे काय? किलोमीटरमागचा खर्च घटला म्हणून माणूस जास्त फिरतो का? बस सोडतो का? सिग्नल सुटल्यावर कसा निघतो? आणि लागतं कुणाला? हे प्रश्न दुसऱ्याच विभागात, दुसऱ्याच नोंदवहीत जातात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. प्रवासाच्या सवयी, ईव्ही आणि रस्त्यावरची सुरक्षा या गोष्टी एकाच अभ्यासात मोजल्या पाहिजेत. आणि ईव्हीला सवलत द्यायची तर शहरी रस्त्यांवर वेग कमी करण्याची अट तिच्याबरोबर यायलाच हवी.

आकडेमोड

आईंचं मनगट आता नीट भरून आलं असेल अशी आशा करतो. तरीही तुमच्या अटीला माझा ठाम विरोध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे २०१९ मध्ये ४२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला. त्याच संघटनेने २०२१ साठी रस्त्यांवरच्या मृत्यूंचा दिलेला आकडा ११.९ लाख आहे. धूर कमी करणारी गाडी लवकरात लवकर रस्त्यावर यायला हवी. तिच्यापुढे अटींची रांग लावली की लोक जुनी पेट्रोलची गाडी आणखी दहा वर्षं चालवतात.

दुसरं म्हणजे नॉर्वे. तिथे २०२४ मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. लोकसंख्येच्या मानाने रस्त्यावर सर्वांत कमी माणसं मरतात अशा देशांत नॉर्वेची गणना आजही होते. ईव्हीची शांतता आणि वजन एवढं घातक असतं, तर ते तिथे सगळ्यांत आधी दिसलं असतं.

पायवाट

४२ लाखांचा आकडा मलाही अस्वस्थ करतो. पण त्यात कारखाने, वीज केंद्रं, चुली, शेतातला जाळ, धूळ असं सगळं आहे. वाहनांचा धूर हा त्यातला एक भाग. शिवाय टायर झिजून उडणारे कण ईव्हीतही राहतातच. (मोटरच गाडीचा वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकची धूळ घटते, हे मात्र मान्य.)

नॉर्वेचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. २०१९ मध्ये ओस्लोत एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर दगावला नाही. त्यासाठी त्या शहराने वेगमर्यादा उतरवल्या, मध्यवर्ती भागातल्या रस्त्यांवरचं पार्किंग काढलं. ईव्ही आली ती आधीच सुरक्षित होत आलेल्या रस्त्यांवर. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्याच अंतरामागे विजेवरच्या आणि हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) मोटारींची पादचाऱ्यांना बसणारी धडक पेट्रोल-डिझेल मोटारींच्या साधारण दुप्पट निघाली, आणि हा फरक शहरी रस्त्यांवरच ठळक होता.

आकडेमोड

तो अभ्यास मीही वाचला आहे. त्यातली आकडेवारी २०१७ ला संपते. युरोपात ईव्हीच्या नव्या मॉडेलांना कृत्रिम आवाज सक्तीचा झाला जुलै २०१९ पासून आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला जुलै २०२१ पासून. म्हणजे ज्या गाड्यांवर तुम्ही बोट ठेवता आहात, त्या सगळ्या या नियमाच्या आधीच्या. शिवाय हायब्रिड आणि ईव्ही एकाच गटात धरलेल्या. औषध देण्याआधीच्या तपासणीवरून औषध लागू पडत नाही असं कसं म्हणता येईल?

झेब्रा

रस्त्यांच्या आराखड्याचं काम करते म्हणून मध्ये बोलते आहे.

आकडेमोड, त्या औषधाची मात्रा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात (क्रमांक १३८) कृत्रिम आवाजाची सक्ती ताशी २० किलोमीटरपर्यंतच आहे. अमेरिकेत ती साधारण ३० पर्यंत जाते. त्यापुढे टायरचा आवाज पुरेसा होतो असं गृहीत आहे, आणि मोटारीसाठी ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तो नियम चारचाकींचा आहे. दुचाकी त्यात येतच नाहीत. पायवाट यांच्या आईंना लागलेली गाडी नव्या नियमानंतरची असती, तरी तितकीच मुकी असती.

मात्र आवाजाच्या वादात वेग मागे पडतो, आणि माझ्या लेखी खरा मुद्दा तोच आहे. साधं गणित करा. चालकाला धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा. ताशी ३० च्या गाडीचं त्या सेकंदात सुमारे ८ मीटर अंतर जातं, पुढच्या ५ मीटरमध्ये ती थांबते. एकूण १३. ताशी ५० च्या गाडीचे त्या एका सेकंदातच १४ मीटर गेलेले असतात. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथून दुसरी पूर्ण ५० च्या वेगाने जाते आहे, चालकाचा पाय जेमतेम ब्रेकवर पोचतो आहे. गाडी विजेची की पेट्रोलची, याने यात फरक पडत नाही. ईव्हीने फरक पडतो तो एवढाच, की तो वेग ती फार लवकर गाठते आणि बॅटरीमुळे तिचं वजन जास्त असतं.

सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं आरोग्य संघटनाही सांगते. वेगवाढीच्या चौपट! माझ्या बैठकांमध्ये हा आकडा मी दर वेळी फळ्यावर लिहिते.

टॉर्क

सगळा दोष गाडीच्या माथी मारू नका. मी अकरा महिने ईव्ही चालवतो आहे. मोबाइलमध्ये मान घालून रस्त्यात उतरणारे लोक रोज वाचवतो. शिस्त लावायची तर त्यांनाही लावा. आणि ताशी ३० ची मर्यादा लोकांना विचारून तरी बघा, कुणालाही नको असेल.

झेब्रा

पादचारी चुकतो, चालकही चुकतो. स्वीडनने १९९७ मध्ये 'व्हिजन झिरो' स्वीकारलं ते हे धरूनच: माणूस चुकणार, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये अशी रस्त्याची बांधणी असावी. मोबाइलमध्ये मान घातलेला मुलगासुद्धा संध्याकाळी घरी पोचला पाहिजे. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. त्यांना शिस्त लागेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

पायवाट

'लोकांना विचारून बघा' हा मुद्दा माझ्या मूळ तक्रारीशीच येऊन भिडतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर गर्दीचा कर आधी काही महिने प्रयोग म्हणून लावला. प्रयोगाआधी बहुतेकांचा विरोध होता. वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली, आणि त्यानंतरच्या मतदानात शहराने कर ठेवायच्या बाजूने कौल दिला. न अनुभवलेल्या गोष्टीबद्दल दिलेलं उत्तर कायमचं धरू नये.

रातपाळी

विजेच्या स्कूटरवर घरपोच मालाची ने-आण करतो. दोनदा माझ्याकडे सर्वेक्षणवाले आले. बॅटरी किती टिकते, चार्जिंग कुठे करता, पुढची गाडी कुठली घ्याल, सगळं विचारलं. एका फेरीला किती मिनिटं मिळतात हे कुणीच विचारलं नाही. माझा वेग मोटर ठरवत नाही, ती मिनिटं ठरवतात.

स्कूटरला ओढ जबर आहे हे खरं. पहिल्या महिन्यात मूठ जरा जास्त पिळली गेली आणि मीच दचकलो. पण नुसत्या ईव्हीचा वेग बांधू नका. आधी माझ्याकडे वेग बांधलेली हळू स्कूटर होती. मोठ्या रस्त्यावर मागून गाड्या अंगावर यायच्या, हॉर्न मारून कडेला रेटायच्या. रस्त्याचा वेग उतरवा, सगळ्यांचा. आमचा एकट्यांचा उतरवलात तर मरायला आम्हीच पुढे.

आकडेमोड

रातपाळी, तुमचं पटलं. रस्त्याचा वेग सगळ्यांसाठी उतरवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सवलतीला अट जोडण्याला. वेग उतरवायचा तर आजच उतरवा, पेट्रोलच्या गाडीसकट. ईव्हीच्या धोरणावर ते ओझं टाकलं की दोन्ही कामं रखडतील. आणि एकत्र अभ्यासाचं म्हणाल, तर पायवाट, नेमकं काय मोजणार? पोलिसांकडे न गेलेला अपघात कुठल्या रकान्यात येणार?

पायवाट

सुरुवात रुग्णालयांच्या नोंदींपासून. त्या पोलिसांच्या नोंदींशी जोडल्या की किती सुटलं ते दिसतं. प्रवासाच्या रोजनिशीत पायी केलेला छोटा फेराही लिहून घ्यायचा. बऱ्याच सर्वेक्षणांत तो गाळला गेला आहे. थोडक्यात टळलेले अपघात चौकातल्या कॅमेऱ्यावरून मोजायचे, स्वीडनमध्ये हे १९८० च्या दशकात माणसं उभी करून केलेलं आहे. रातपाळींची मिनिटंही त्यात हवीत.

आणि आणखी एक रकाना. आई पूर्वी रोज संध्याकाळी मावशीकडे चालत जायची. मनगट बरं झालं, पण अंधार पडू लागला की ती आता एकटी बाहेर पडत नाही. आमच्याकडे सर्वेक्षणवाला आला असता तर तिच्या नावापुढे 'प्रवास केला नाही' एवढंच लिहून गेला असता. का केला नाही, ते मला त्या कागदावर हवं आहे.

आकडेमोड

हा रकाना मान्य. अट अजूनही अमान्य.